गोल टेबलाभोवतीचे कॅन्टोनीज जेवण

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर, पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशात, ग्वांगचौ हे शहर आहे. पाश्चात्त्य व्यापारी त्याला कॅन्टन म्हणत, आणि त्या शहराभोवती वाढून पुढे हाँगकाँग व मकाऊ येथे बहरलेल्या पाकपरंपरेला त्यावरूनच कॅन्टोनीज हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात गेलेले चिनी स्थलांतरित बहुसंख्येने याच ग्वांगतुंग प्रांतातले असल्यामुळे त्या देशांना चिनी जेवणाची पहिली ओळख झाली ती कॅन्टोनीज जेवणाच्या रूपाने. सकाळी आणि दुपारी चहाबरोबर खाल्ले जाणारे डिमसम, म्हणजे वाफवलेल्या व तळलेल्या छोट्या खाद्यवस्तू, आज मुंबई-पुण्यातही अनेकांना माहीत आहेत. मात्र ही परंपरा पूर्ण रूपात दिसते ती संध्याकाळी, आठ-दहा-बारा जण एका गोल टेबलाभोवती बसतात तेव्हा, कारण तिच्यातील बहुतेक मोठे पदार्थ एका माणसाच्या भुकेच्या मापाने रचलेलेच नसतात. पूर्ण मासा, अख्खी कोंबडी, मोठ्या भांड्यात तासन्‌तास शिजलेले सूप हे सारे टेबलासाठी असते, आणि हाँगकाँगची समकालीन कॅन्टोनीज रेस्टॉरंटे आज ज्या पेचात आहेत तो पेचही या टेबलाचाच आहे.

हाँगकाँगमधील लग्नाच्या मेजवानीत एका टेबलाला साधारणपणे बारा जण बसतात आणि मेजवानी किती मोठी हे टेबलांच्या संख्येत सांगितले जाते. मित्रमंडळींच्या किंवा कार्यालयीन सहकाऱ्यांच्या जेवणात ही शिस्त सैल असली, तरी मुख्य पाहुण्याला दाराकडे तोंड करून बसवण्याचा आणि यजमानाने त्याच्या जवळ राहण्याचा संकेत बहुधा पाळला जातो. बसल्याबरोबर कोणता चहा हवा हे विचारले जाते. आंबवून मुरवलेला गडद पु-अर, अर्धवट ऑक्सिडीकरण केलेला सुगंधी तिएक्वानयिन, मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास दिलेला हिरवा चहा, किंवा पु-अरमध्ये शेवंतीची सुकी फुले घालून केलेले मिश्रण, यांपैकी एकाची निवड होते. शेजाऱ्याचा पेला आधी भरायचा आणि आपला शेवटी, ही रीत. ज्याचा पेला भरला जातो तो टेबलावर दोन बोटे हलकेच ठोकून आभार मानतो. वेश पालटून फिरणाऱ्या छ्येनलुंग बादशहाने सेवकाला स्वतः चहा ओतून दिला आणि ओळख उघडी पडू नये म्हणून सेवकाने गुडघे टेकण्याऐवजी बोटे वाकवून टेकवली, अशी आख्यायिका या रीतीमागे सांगतात. किटलीतले पाणी संपले की तिचे झाकण कडेला तिरके ठेवतात, आणि वाढप्याला ते पाहून न सांगता कळते.

महाराष्ट्रातील पंगतीशी या टेबलाची तुलना केली, तर साम्यापेक्षा भेद अधिक बोलका ठरतो. पंगतीत सगळे एकत्र जेवतात, पण प्रत्येकाचे पान वेगळे असते आणि वाढपी प्रत्येक पानावर तोच पदार्थ त्याच जागी वाढत जातो. कॅन्टोनीज टेबलावर पान असे नसतेच, मध्यभागी ठेवलेल्या सामाईक पदार्थातून प्रत्येक जण थोडे थोडे आपल्या वाटीत घेत राहतो. त्यामुळे आपल्याकडे ज्याला उष्टे म्हणतात त्याचा प्रश्न तिथे टेबलाच्या मध्यभागीच उभा राहतो. मांचुरियातील १९१०–११ च्या प्लेगच्या साथीचा बंदोबस्त करणारे डॉक्टर वू लिएन-तेह यांनी क्षयासारख्या रोगांचा प्रसार थांबवण्यासाठी १९१५ च्या सुमारास फिरत्या तबकाचा पुरस्कार केला. पदार्थ फिरत्या तबकावर ठेवावेत, प्रत्येक भांड्यासाठी वेगळा चमचा असावा आणि ज्याला हवे त्याने तबक आपल्याकडे फिरवून घ्यावे, अशी त्यांची सूचना होती. पुढे १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील कॅन्टोनीज रेस्टॉरंटांनी बॉल बेअरिंगवर सहज फिरणारे मोठे तबक वापरात आणले आणि ते जगभरच्या चिनी रेस्टॉरंटांचे चिन्ह बनले. हाँगकाँगमध्ये २००३ साली सार्सच्या साथीने १,७५५ जणांना गाठले आणि २९९ जणांचा बळी घेतला. त्यानंतर तिथल्या रेस्टॉरंटांत प्रत्येकापुढे चॉपस्टिक्सच्या दोन जोड्या, एक वाढून घेण्यासाठी आणि एक खाण्यासाठी, मांडण्याची पद्धत रुळली. दोन्ही जोड्यांचे रंग बहुधा वेगळे असतात, आणि गप्पांच्या भरात त्यांची अदलाबदल होऊ नये याकडे यजमानाचे लक्ष असते.

पदार्थ निवडणे हे या जेवणातले सर्वांत जबाबदारीचे काम आहे, आणि ते प्रत्येकाने आपापल्यापुरते करायचे नसते. एक माणूस, बहुधा यजमान किंवा टेबलावरचा जाणता खवय्या, रेस्टॉरंटच्या कॅप्टनशी म्हणजे मुख्य वाढप्याशी बोलून सगळ्यांसाठी यादी ठरवतो. भाजलेल्या मांसाच्या किंवा गार पदार्थांनी आरंभ होतो. मग सूप, कढईत परतलेले समुद्री अन्न, कोंबडी, मासा, पालेभाजी, आणि सर्वांत शेवटी परतलेला भात किंवा नूडल्स येतात. घरच्या जेवणात भात मुख्य असतो. मेजवानीत तो शेवटी येतो आणि कोणी अर्धपोटी उठू नये याची काळजी घेतो. यादीत एकच मांस दोनदा येऊ नये, तळलेल्यामागून तळलेले येऊ नये, गडद सॉसच्या पदार्थानंतर जिभेला विसावा देणारे काही असावे, असा सगळा विचार त्यामागे असतो. शुभप्रसंगी पदार्थांची संख्या आठ किंवा नऊ ठेवतात. सात पदार्थांचे जेवण अंत्यविधीनंतर दिले जात असल्यामुळे एरवी ती संख्या टाळली जाते. चांगली यादी ठरवणाऱ्याला कॅन्टोनीज समाजात मान मिळतो, आणि तो रास्तच आहे, कारण उत्तम आचारी असूनही साचेबद्ध यादी दिली तर जेवण फिके पडते.

या परंपरेची पारख एकाच पदार्थावर करायची झाली तर ती वाफवलेल्या माशावर करावी. रेस्टॉरंटमधील काचेच्या टाक्यांत समुद्राच्या पाण्यात जिवंत मासे ठेवलेले असतात. कोकणात हेकरू किंवा गोब्रा म्हणतात त्या कुळातला ग्रूपर हा त्यांत विशेष मानाचा. त्या दिवसाचा भाव कॅटी या मापावर सांगितला जातो, आणि हाँगकाँगची एक कॅटी सुमारे ६०५ ग्रॅम भरते. निवडलेला मासा जाळीत किंवा पिशवीत घालून टेबलापाशी आणून दाखवतात, मगच तो आत जातो. आल्याच्या चकत्या आणि पातीचा कांदा यांवर मासा ठेवून तो जोरदार वाफेत आठ-दहा मिनिटे शिजवला जातो, आणि त्याच्या वजनानुसार ही वेळ मिनिटाने कमी-जास्त होते. वाफवताना बशीत जमलेले पाणी ओतून टाकतात, कारण त्यात हिंवस वास उतरलेला असतो. मग पातीच्या कांद्याच्या ताज्या, केसासारख्या बारीक कातरलेल्या पाती माशावर पसरून त्यांवर कडकडीत तेल ओततात, त्या चुरचुरतात, आणि शेवटी चिमूटभर साखर घातलेला पातळ सोया सॉस कडेने सोडतात. मांस काट्यापासून जेमतेम सुटावे, काट्यालगत किंचित गुलाबी छटा राहावी, हा शिजण्याचा नेमका टप्पा. एक मिनिट अधिक झाले तर ते मांस कोरडे पडते आणि जाणकार पाहुण्याला ते पहिल्या घासातच कळते. माशाचे डोके मुख्य पाहुण्याकडे ठेवतात. वरची बाजू संपल्यावर मासा उलटायचा नाही, मधला काटा अलगद उचलून खालचे मांस घ्यायचे, कारण मासा उलटला की बोट उलटते अशी कोळी लोकांची समजूत होती आणि ती शहराच्या टेबलावरही टिकून आहे. मिरची, लसूण आणि मक्याच्या पिठाचा दाट रस्सा यांनाच चिनी चव समजणाऱ्या माणसाला हा मासा पहिल्यांदा अळणी वाटण्याचा संभव आहे. तथापि मसाला कमी करून मूळ जिन्नस समोर उभा करण्याचे धाडस ज्या पाकपरंपरेत असते तिला लपायला जागा नसते, आणि कॅन्टोनीज आचाऱ्याचा खरा अभिमान याच धाडसात आहे.

दुसरी परीक्षा कढईची. प्रखर गॅसच्या जाळावर लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवून, तिच्यात जिन्नस सतत उडवत परतल्याने जो खरपूस सुगंध येतो त्याला कॅन्टोनीज भाषेत वॉक हे म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. कढईच्या तापलेल्या कडांना जिन्नस लागताक्षणी पाण्याची वाफ होते, तेलाचे कण पेट घेतात, आणि शर्करा व प्रथिने यांच्या संयोगातून नवे सुगंध निर्माण होतात. हा सुगंध काही मिनिटांत उडून जातो. म्हणूनच पदार्थ टेबलावर आला की सर्वांसाठी थांबणे हा शिष्टाचार तिथे चालत नाही. यजमान लगेच खाण्याचा आग्रह करतो आणि फिरते तबक चालू होते. गोमांसाचे काप आणि रुंद तांदळाच्या नूडल्स परतून केलेला पदार्थ ही आचाऱ्याची नेहमीची कसोटी मानली जाते: नूडल्स तुटता कामा नयेत, रंग सर्वत्र सारखा हवा, आणि बशी रिकामी झाल्यावर तळाशी तेलाचे थारोळे उरता कामा नये.

भाजलेल्या मांसाचा विभाग हा स्वतंत्र कारागिरांचा असतो. गूज, म्हणजे पाळीव हंस, भाजण्यापूर्वी त्याच्या कातडी व मांसाच्या मध्ये हवा भरतात, पोटात मसाला घालून ते शिवतात, वरून उकळते पाणी ओततात, मग माल्टचा पाक आणि व्हिनेगर यांचा हात देऊन तो टांगून वाळवतात आणि अखेर भट्टीत भाजतात. कातडी काचेसारखी कुरकुरीत व्हावी यासाठी हा सगळा खटाटोप. सुकवलेले अबलोनी शिंपले, समुद्रकाकडी, माशाच्या आतील हवेची पिशवी हे महागडे जिन्नस मेजवानीच्या प्रतिष्ठेसाठी असतात आणि त्यांच्या किमतीच्या मानाने चव नेहमीच मोठी असते असे म्हणता येणार नाही. शार्कच्या परांचे सूप तर आता मागे पडत आहे: पेनिन्सुला या हॉटेलसमूहाने २०१२ पासून ते बंद केले, हाँगकाँग सरकारने २०१३ साली आपल्या अधिकृत मेजवान्यांतून ते वगळले, आणि भारतानेही २०१५ साली शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी घातली. परांना स्वतःची चव जवळजवळ नसते आणि सगळी चव रश्शाचीच असते, हे लक्षात घेता या सूपाच्या जाण्याने खवय्यांचे फारसे काही हरपलेले नाही.

ही परंपरा समकालीन कशी झाली हे पाहण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यापाशी जावे लागते. १९४९ साली चीनमध्ये साम्यवादी सत्ता आल्यानंतर ग्वांगचौमधील अनेक आचारी आणि त्यांचे धनिक आश्रयदाते हाँगकाँगला आले. जुन्या घराण्यांच्या मुदपाकखान्यातली कौशल्ये अशा रीतीने व्यापारी शहराच्या रेस्टॉरंटांत पोचली. १९७० आणि १९८० च्या दशकांत शहरात पैसा आला, आंतरराष्ट्रीय हॉटेले उभी राहिली, परदेशी जिन्नस विमानाने येऊ लागले, आणि तेल कमी, मांडणी नेटकी, फळांचा आणि नव्या भाज्यांचा सढळ वापर अशी एक नवी कॅन्टोनीज शैली आकाराला आली. सुके स्कॅलप, सुकी कोळंबी, चिनहुआचे मुरवलेले हॅम आणि मिरची तेलात शिजवून केलेला एक्सओ सॉस हा त्याच काळातला. त्या काळी उच्चभ्रूपणाची खूण असलेल्या एक्सओ कोन्याक या मद्यावरून त्याला नाव मिळाले, पण सॉसमध्ये ते मद्य नसते. आंब्याचा रस, पपनसाच्या पाकळ्या आणि साबुदाणा यांचे थंड मिष्टान्नही याच लाटेतले. लेइ गार्डन या रेस्टॉरंटसमूहाने १९८४ साली सिंगापूरच्या शाखेसाठी ते तयार केले असे मानतात, आणि त्यातला एकही जिन्नस मराठी स्वयंपाकघराला अनोळखी नाही. हाँगकाँग-मकाऊची पहिली मिशलिन मार्गदर्शिका २००८ च्या अखेरीस निघाली तेव्हा आचारी चान यान-ताक यांच्या हाताखालील लुंग किंग हीन या रेस्टॉरंटला तीन तारे मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले चिनी रेस्टॉरंट होते. डॅनी यिप यांनी २००९ साली सुरू केलेले द चेअरमन हे रेस्टॉरंट २०२१ साली आशियातील पन्नास सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिले आले. तिथला गाजलेला पदार्थ म्हणजे मुरलेली शाओशिंग तांदूळवाइन आणि कोंबडीची चरबी घालून वाफवलेला खेकडा, ज्याच्याखाली रुंद तांदळाच्या नूडल्स सगळा रस शोषून घेण्यासाठी ठेवलेल्या असतात.

या यशाबरोबर एक बदल आला आहे, आणि त्याचा विचार गंभीरपणे करायला हवा. अनेक नव्या रेस्टॉरंटांत पदार्थ टेबलाच्या मध्यभागी येतच नाहीत. स्वयंपाकघरातच त्यांचे वाटे होऊन प्रत्येकापुढे सजवलेली छोटी बशी येते. यात सोय आहे, स्वच्छता आहे, आचाऱ्याच्या मांडणीला वाव आहे, आणि परदेशी पाहुण्याला ही पद्धत ओळखीची वाटते. परंतु काय गमावले जाते हे उन्हाळ्यातील कोहळ्याच्या सूपावरून स्पष्ट होते. एक मोठा, गोल कोहळा वरून कापून आतील बिया व गाभा काढतात, सालीवर नक्षी कोरतात, आणि त्याच्या पोकळीत कोंबडी व हॅमचा निवळ रस्सा, खेकड्याचे मांस, कमळबी, कधी शिताके अळंब्या असे भरून तो अख्खा कोहळा काही तास वाफवतात. टेबलावर तो उभाच आणला जातो. वाढपी लांब दांड्याच्या पळीने आतल्या भिंतीचा मऊ, पारदर्शक झालेला गर खरवडत रश्शासह प्रत्येकाच्या वाटीत घालतो, आणि जसजसे वाढले जाते तसतशी कोहळ्याची भिंत पातळ होत जाते. कोहळ्याचा आकारच एवढा की तो आठ-दहा माणसे मागतो. त्याच कोहळ्याची एक नेटकी फोड रश्शाच्या लहान वाटीत घालून दिली तर चव जवळपास तशीच राहील, मात्र एकाच फळातून सगळ्यांनी खाल्ल्याचा अनुभव तिच्यात उरणार नाही. माशाचेही तेच आहे: डोक्याकडचे, गालाचे, पोटाजवळचे मांस कोणाला द्यायचे हे ठरवण्यात जी आपुलकी व्यक्त होते ती समान मापाच्या तुकड्यांत व्यक्त होऊ शकत नाही. जी समकालीन रेस्टॉरंटे सूप किंवा आरंभीचा एखादा पदार्थ वेगवेगळा देऊन मासा, कोंबडी आणि भात मात्र मध्यभागी ठेवतात, त्यांनी योग्य तोल साधला आहे. सगळेच वाटून टाकणारी रेस्टॉरंटे उत्तम स्वयंपाक करत असली तरी कॅन्टोनीज जेवणाचा अर्धा भाग दाराबाहेर ठेवतात. कोरोनाच्या साथीत, जुलै २०२० मध्ये, हाँगकाँगमध्ये संध्याकाळी सहानंतर रेस्टॉरंटात बसून जेवायला आणि इतर वेळी एका टेबलावर दोघांपेक्षा अधिक जणांनी बसायला बंदी आली, तेव्हा मोठ्या टेबलांवर चालणाऱ्या रेस्टॉरंटांचा पायाच हलला, आणि ती टेबले पुन्हा भरली तेव्हा लोकांनी मागवला तो अख्खाच मासा.

मुंबईचा या परंपरेशी संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचा कापूस आणि अफू कॅन्टनला जात असे आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी त्या बंदराच्या अनेक सफरी केल्या होत्या. माझगावातील सी यूप कून हे चिनी मंदिर १९१९ साली ग्वांगतुंगमधील सियी भागातून आलेल्या लोकांनी स्थापन केले. मात्र भारतातील चिनी जेवण वेगळ्याच वाटेने गेले, आणि मुंबईतच १९७० च्या दशकात नेल्सन वाँग यांनी घडवल्याचे सांगितले जाणारे मंचुरियन हे त्या वाटेवरचे सर्वांत लोकप्रिय ठिकाण ठरले. लंडनमध्ये ॲलन याउ यांनी सुरू केलेल्या हक्कासान आणि याउआचा या आधुनिक कॅन्टोनीज रेस्टॉरंटांच्या शाखा २०११ साली मुंबईत निघाल्या, तेव्हा वाफेवर आणि निवळ चवीवर भर देणारा हा स्वयंपाक शहराला नव्याने भेटला.

हाँगकाँगला गट करून जाणाऱ्या मराठी प्रवाशांनी काही गोष्टी आधीच ध्यानात घ्याव्यात. साध्या दिसणाऱ्या पालेभाजीवरही बहुधा ऑयस्टर सॉस किंवा कोंबडी-हॅमचा रस्सा असतो, त्यामुळे शाकाहारी माणसाने केवळ मांस नको असे न सांगता रस्सा आणि सॉसही स्पष्ट करून विचारावेत. बौद्ध पद्धतीचा शाकाहार असे सांगितले तर कांदा-लसूणही वगळले जातात, आणि चातुर्मास पाळणाऱ्यांना ते सोयीचेच पडते. चारजणांपेक्षा आठजणांनी जावे, एकाने सर्वांच्या वतीने कॅप्टनशी बोलावे, खर्चाची मर्यादा संकोच न करता सांगावी आणि त्या दिवशी टाकीत कोणता मासा चांगला आहे हे विचारावे. कोहळ्याचे सूप, भरलेली कोंबडी किंवा डुकराचे अख्खे भाजलेले पिल्लू यांसारखे पदार्थ अनेक ठिकाणी आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय मिळत नाहीत, म्हणून टेबल राखून ठेवतानाच ते कळवावेत.